न्यायाधीश की प्रतिनिधी? : फ्रान्सिस जेफ्रीच्या टीकेचा विचार

टीकाकाराला न्यायाधीशाची उपमा देण्याची प्रथा जुनी आहे. आणि त्या उपमेविषयी तक्रार करण्याची प्रथाही जवळजवळ तितकीच जुनी आहे. निवाडा, खटला, साक्ष, कैफियत, निकाल हे कचेरीतील शब्द मराठी टीकेनेही कितीतरी वेळा उसने घेतले आहेत. टीकाकार स्वतः न्यायासनावर क्वचितच बसलेला असल्यामुळे ही उपमा कितपत खरी आहे हे पडताळून पाहण्याची संधी सहसा मिळत नाही. स्कॉटलंडच्या फ्रान्सिस जेफ्रीने (१७७३-१८५०) ती उपलब्ध करून दिली आहे. सत्तावीस वर्षे तो इंग्रजीतील सर्वांत धाक असलेल्या समीक्षापत्राचा कर्ता होता. नंतर पार्लमेंटचा सभासद व स्कॉटलंडचा सर्वोच्च सरकारी कायदेअधिकारी झाला. आणि आयुष्याची अखेरची जवळजवळ सोळा वर्षे त्याने खरोखरीचा न्यायाधीश म्हणून काढली.

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात जेफ्रीची जागा ठरून गेलेली आहे. वर्डस्वर्थची थोरवी ज्याला दिसली नाही तो टीकाकार, एवढीच ती जागा. या आंधळेपणाची उपपत्तीही ठरलेली आहे : हा मनुष्य वकील होता, न्यायालयीन वृत्तीने काव्याकडे पाहत होता, कवीला आरोपी समजत होता. ही उपपत्ती मला अपुरी वाटते. जेफ्रीच्या टीकेत जो दोष आहे तो न्यायाधीशाचा नाही. तो लोकप्रतिनिधीचा दोष आहे. आणि राजकारणात तोच त्याचा सर्वांत मोठा गुण होता.

जेफ्रीचा बाप जॉर्ज जेफ्री एडिंबरोच्या न्यायालयात कारकुनी हुद्द्यावर होता व कट्टर टोरी होता. मुलगा ग्लासगोच्या विद्यापीठात गेला तेव्हा तेथील कायद्याचा विख्यात अध्यापक जॉन मिलर याच्या व्याख्यानांना बसण्याची त्याला बापाने मनाई केली होती, कारण मिलर उदारमतवादी. अशा मनाईचा जो परिणाम व्हावयाचा तोच झाला. ऑक्सफर्डमध्ये एक वर्षही न रमता जेफ्री परत आला आणि १७९४च्या अखेरीस एडिंबरोत वकिली करू लागला. मधल्या काळात, १७९३ साली, टॉमस म्यूर या तरुण वकिलावर राजद्रोहाचा खटला चालला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या भयाने सरकार हवालदिल झाले होते. लॉर्ड ब्रॅक्सफील्ड या न्यायाधीशाने पक्षपात लपविण्याची तसदी घेतली नाही, आणि पार्लमेंटच्या सुधारणेची मागणी करणाऱ्या म्यूरला चौदा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. विशीतला जेफ्री त्या न्यायालयात प्रेक्षक म्हणून हजर होता. पुढे आयुष्यभर त्या दिवसाचा उल्लेख तो शहारल्यावाचून करीत नसे, असे त्याचा मित्र व चरित्रकार हेन्री कोबर्न सांगतो. न्यायासन ही वस्तू किती भयंकर होऊ शकते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्यानेच पुढे आपल्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर न्यायाधीशाविषयीचे वचन मिरवावे, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

'एडिंबरो रिव्ह्यू'चा पहिला अंक ऑक्टोबर १८०२ मध्ये निघाला. कल्पना सिडनी स्मिथची. सोबत फ्रान्सिस हॉर्नर व हेन्री ब्रूम. सगळे तिशीच्या आसपासचे वा त्याहून लहान. बेत ठरला तो बक्ल्यू प्लेसमधील जेफ्रीच्या बिऱ्हाडी. अपराधी सुटला तर न्यायाधीश दोषी ठरतो, अशा अर्थाचे पब्लिलियस सायरसचे लॅटिन वचन या पत्राने ब्रीद म्हणून घेतले. प्रकाशक कॉन्स्टेबल हा धोरणी निघाला. लेखकांना भरघोस मोबदला द्यावयाचा आणि पुस्तकविक्रेत्यांच्या दडपणापासून पत्र मुक्त ठेवावयाचे, हा नियम त्याने मान्य केला. तोवरची बहुतेक समीक्षापत्रे विक्रेत्यांची जाहिरातपत्रे होती; 'एडिंबरो'ने थोडीच पुस्तके निवडून त्यांच्यावर विस्ताराने लिहिण्यास प्रारंभ केला. १८१४च्या सुमारास खप तेरा हजारांपर्यंत गेला, आणि एक प्रत अनेकांच्या हातांतून जाई हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी हा आकडा केवढा होता ते कळते.

लेख निनावी असत. लिहिणारा 'मी' नव्हे, 'आम्ही' बोले. हा 'आम्ही' कोण, हा जेफ्रीविषयीचा कळीचा प्रश्न आहे. मराठी वाचकाला हा स्वर अपरिचित नाही. जेफ्रीच्या संपादनकाळातच, ऑगस्ट १८२५ मध्ये, मेकॉलेचा मिल्टनवरील निबंध 'एडिंबरो'त आला. मेकॉलेचे निबंध पुढे हिंदुस्थानातील महाविद्यालयांत पिढ्यानुपिढ्या वाचले गेले, आणि १८७४ साली 'निबंधमाला' काढणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या गद्यावर त्यांची छाप पडली. पुस्तकाचे निमित्त करून स्वतंत्र निबंध लिहावयाचा, अनेकवचनी ठामपणाने बोलावयाचे, प्रतिपक्षाला वाचकांच्या सभेत उभे करून हरवावयाचे, ही रीत आपल्याकडे आली ती या वाटेने. तिचा उगम बक्ल्यू प्लेसमधील त्या बिऱ्हाडापर्यंत नेता येतो, हे आपण फारसे ध्यानात ठेवीत नाही.

१८०९ साली बायरनने आपल्या उपरोधिका काव्यात जेफ्रीची तुलना सतराव्या शतकातील जेफ्रीज या कुप्रसिद्ध न्यायाधीशाशी केली. हाच तो १६८५च्या बंडानंतर शेकडोंना फासावर पाठविणारा जेफ्रीज. नामसादृश्य सोयीचे होते. गंमत अशी की, ज्या परीक्षणाने बायरन चिडला होता ते ब्रूमने लिहिलेले होते. निनावी न्यायासनाचा हा एक परिणाम. त्याआधी १८०६ मध्ये टॉमस मूरने आपल्या कवितांवरील परीक्षणाबद्दल जेफ्रीला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. लंडनजवळ चॉक फार्म येथे दोघे पिस्तुले घेऊन उभे राहिले, तोच शिपायांनी येऊन धरले. नंतर पाहता एका पिस्तुलात गोळीच नव्हती. दोघे मित्र झाले आणि मूर 'एडिंबरो'त लिहू लागला. ज्याच्याशी इतक्या सहज मैत्री होते, तो मनुष्य स्वभावाने खुनशी नव्हता एवढे तरी मान्य करावे लागेल.

त्याच्या टीकेमागे खुनशीपणा नसून एक सिद्धान्त होता. तो पाहावयाचा तर वर्डस्वर्थवरील गाजलेल्या परीक्षणांकडे न जाता आर्चिबाल्ड ॲलिसनच्या अभिरुचिविषयक ग्रंथावर १८११ साली जेफ्रीने लिहिलेल्या लेखाकडे गेले पाहिजे. हाच लेख पुढे 'सौंदर्य' या विषयावरील लेखाच्या रूपाने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पुरवणीत आला. जेफ्रीचे म्हणणे थोडक्यात असे : वस्तूत स्वयंसिद्ध सौंदर्य नाही. ज्या भावनांशी ती वस्तू आपल्या मनात निगडित झालेली असते, त्या भावनांच्या साहचर्याने ती सुंदर भासते. म्हणून ज्याचे साहचर्य त्याच्यापुरते खरे, आणि स्वतःपुरती कोणाचीच अभिरुची चुकीची नाही. येथपर्यंतचे प्रतिपादन कमालीचे उदार आहे. परंतु जो मनुष्य दुसऱ्यांसाठी सौंदर्य निर्माण करू पाहतो, त्याने मात्र सर्वांच्या मनात समान असलेलीच साहचर्ये वापरली पाहिजेत. आपल्या खाजगी साहचर्यांचा आग्रह त्याने इतरांवर लादता कामा नये.

वर्डस्वर्थवरील आरोपपत्र या एका कलमावर उभे आहे. नोव्हेंबर १८१४ मध्ये 'द एक्सकर्शन' या दीर्घकाव्याचे परीक्षण जेफ्रीने ज्या तुटक, कपाळावर शिक्का मारल्यासारख्या पहिल्या वाक्याने सुरू केले, ते वाक्य लोकांनी लक्षात ठेवले आणि युक्तिवाद विसरले. युक्तिवाद असा, की हा कवी एकांतात राहून स्वतःच्या लहरींना तत्त्वज्ञान समजू लागला आहे. फिरत्या विक्याच्या तोंडी त्याने महाज्ञान घातले आहे, आणि वाचकाच्या मनात विक्या म्हटल्याबरोबर जे उभे राहते त्याची त्याला पर्वा नाही. येथे वाचकाला जेफ्रीने कोठेही प्रश्न विचारलेला नाही. त्याने वाचकाच्या वतीने प्रश्न विचारला आहे. 'आम्ही' म्हणजे ते वाचक.

हे वाचक कोण, याचा हिशेबही जेफ्रीने मांडून ठेवला आहे. १८१२ साली क्रॅबच्या काव्यावर लिहिताना तो म्हणतो, की मध्यम वर्गात करमणुकीसाठी वा ज्ञानासाठी वाचणारी माणसे दोन लाखांहून कमी नसावीत, आणि वरिष्ठ वर्गात वीस हजारही नसतील. हे आकडे अंदाजाचे आहेत. परंतु टीकाकाराच्या हातून वाचकांची अशी खानेसुमारी व्हावी हीच मुळात अर्थपूर्ण घटना आहे. साहित्याचे मतदार मोजले जात होते.

पुढे वीस वर्षांनी त्याच माणसाने खरे मतदार वाढविले. १८२९ मध्ये वकीलमंडळाने त्याला आपला अध्यक्ष निवडले व त्याने संपादकपद सोडले; डिसेंबर १८३० मध्ये ग्रेच्या मंत्रिमंडळाने त्याला लॉर्ड ॲडव्होकेट नेमले. स्कॉटलंडच्या प्रतिनिधित्वाची त्या वेळची स्थिती हास्यास्पद होती. सबंध देशात मतदार सुमारे साडेचार हजार. राजधानी एडिंबरोचा सभासद निवडण्याचा अधिकार नगरपालिकेच्या तेहतीस जणांना, आणि हे तेहतीस जण आपले उत्तराधिकारी आपणच निवडीत. १८३२च्या स्कॉटिश सुधारणा कायद्याने मतदारसंख्या पासष्ट हजारांच्या घरात नेली. दहा पौंड वार्षिक किमतीच्या घराचा धनी शहरात मतदार झाला. मसुद्याचे बरेचसे काम सॉलिसिटर जनरल कोबर्नचे, पण विधेयक पार नेण्याचा भार जेफ्रीवर होता. तो वाहताना त्याला माल्टन या अर्ल फिट्झविल्यमच्या मुठीतल्या मतदारसंघातून पार्लमेंटात बसावे लागले, यातील विनोद त्याच्याही ध्यानात आलाच असेल. सभागृहात तो फारसा चमकला नाही. घसा दुखरा, बोलणे वेगाचे, पन्नाशी उलटलेली. डिसेंबर १८३२ मध्ये मात्र नव्या मतदारांनी त्याला एडिंबरोचा सभासद म्हणून निवडून दिले. हा दहा पौंडांचा घरधनी आणि 'एडिंबरो रिव्ह्यू'चा वर्गणीदार हे बहुधा एकच होते.

१८३४ मध्ये जेफ्री कोर्ट ऑफ सेशनचा न्यायाधीश झाला. (हे स्कॉटलंडचे सर्वोच्च दिवाणी न्यायालय, आपल्या सेशन कोर्टाशी त्याचा नामसादृश्यापलीकडे संबंध नाही.) परीक्षणातला कठोर जेफ्री न्यायासनावर कसा वागला? कोबर्नने केलेले वर्णन मोठे उद्बोधक आहे. मूकपणे ऐकून घेऊन निकाल देण्याची त्याची पद्धत नव्हती. तो वकिलांना अडवी, शंका काढी, पर्याय सुचवी, स्वतःचा विचार सर्वांदेखत चालू ठेवी. म्हणजे ज्या माणसाच्या लेखणीत शंका नव्हती, त्याच्या न्यायासनावर तिची रेलचेल होती! कारण उघड आहे. न्यायालयात दुसरी बाजू समोर उभी असते, पुरावा तपासता येतो, निकालावर अपील असते, आणि न्यायाधीशाला आपल्या नावाने बोलावे लागते. १८०२च्या निनावी समीक्षेत यांपैकी एकही गोष्ट नव्हती. 'एडिंबरो'ने न्यायाधीशाचा झगा घेतला, त्याची बंधने घेतली नाहीत.

त्याच्या न्यायकारकीर्दीतला सर्वांत मोठा खटला ऑक्टरार्डरचा. त्या गावच्या चर्चवर जमीनदार अर्ल ऑफ किनूल याने रॉबर्ट यंग नावाचा धर्मोपदेशक नेमला. चर्चच्या १८३४च्या नियमानुसार कुटुंबप्रमुखांना नकाराधिकार होता. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नकार दिला. जमीनदाराचा हक्क श्रेष्ठ की मंडळीची संमती? मार्च १८३८ मध्ये आठ विरुद्ध पाच अशा मतांनी न्यायालयाने जमीनदाराच्या बाजूने कौल दिला. जेफ्री व कोबर्न त्या पाचांत होते. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सकडे गेले, आणि १८३९ मध्ये तेथे मंडळीविरुद्ध मत देणाऱ्यांत 'रिव्ह्यू'चा जुना साथीदार ब्रूम होता. परिणामी १८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्च दुभंगले व साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक घरदार, पगार सोडून फ्री चर्चमध्ये गेले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन व कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ हेही त्याच बाजूला गेले, एवढ्यापुरता त्या फुटीचा इतिहास आपल्या शिक्षणसंस्थांच्या इतिहासाला येऊन मिळतो.

आता हे तीन प्रसंग शेजारी ठेवून पाहावे. एडिंबरोकरांच्या संमतीवाचून कोणी त्यांचा प्रतिनिधी होऊ नये. मंडळीच्या संमतीवाचून कोणी तिचा गुरू होऊ नये. वाचकांच्या संमतीवाचून कोणी त्यांचा कवी होऊ नये. तत्त्व एकच आहे. पहिल्या दोन ठिकाणी ते न्याय्य आहे, कारण मतदार आणि मंडळी ही प्रतिनिधीच्या किंवा गुरूच्या आधीपासून अस्तित्वात असतात. कवितेचे तसे नाही. ज्यांच्या संमतीवर कविता जगावयाची ते वाचक पुष्कळदा ती कविताच घडविते. वर्डस्वर्थने १८१५ साली आपल्या काव्यसंग्रहाला जोडलेल्या पुरवणी निबंधात हेच उत्तर दिले : मौलिक लेखकाला आपला आस्वाद घेणारी अभिरुची स्वतःच निर्माण करावी लागते. एवढ्यावर न थांबता चालू क्षणाचा 'वाचकवर्ग' आणि काळाच्या ओघात प्रकट होणारे 'लोक' यांत त्याने भेदही केला. जेफ्रीने दोन लाख मोजले ते वाचकवर्गातले.

आपल्या काव्यशास्त्रातील साधारणीकरणाची कल्पना येथे आठवल्यावाचून राहत नाही. कवीचा व रसिकाचा खाजगीपणा गळून पडला पाहिजे, हे भट्टनायक व अभिनवगुप्त यांनाही मान्यच होते. म्हणून वरवर पाहता जेफ्री त्यांचा दूरचा नातेवाईक वाटतो. परंतु त्यांच्या मते हे साधारण्य काव्यव्यापाराने घडून येते. काव्य सुरू होण्यापूर्वी ते विषयात तयार असलेच पाहिजे अशी त्यांची अट नाही. जेफ्रीने जे कवितेचे फळ ते तिची पूर्वअट करून टाकले. फिरता विक्या ज्ञानी म्हणून वाचकाला आधीच मान्य असता, तर वर्डस्वर्थने लिहावयाचे ते काय?

अर्थात 'द एक्सकर्शन' हे काव्य लांबण लावणारे आहे, आणि जेफ्रीने दाखविलेले त्यातील बरेचसे दोष खरे आहेत, हेही येथेच सांगून टाकले पाहिजे. जेफ्रीची चूक ओळी पारखण्यात फारशी झालेली नाही. ती आधारतत्त्वाच्या निवडीत झाली.

एका प्रसंगी मात्र हे तत्त्व त्याच्या हातून निसटले, आणि जेफ्रीचे सर्वांत चांगले लेखन तेव्हा झाले. १८१८ मध्ये 'ब्लॅकवुड्स' व 'क्वार्टर्ली' या टोरी पत्रांनी कीट्सला झोडपले होते. वाचकांनी त्याला स्वीकारले नव्हते. मोजण्यासारखी मतेच त्याच्या बाजूला नव्हती. ऑगस्ट १८२०च्या अंकात जेफ्रीने 'एंडिमियन' व नवा संग्रह एकत्र घेऊन लिहिले. स्वैरपणा, अतिरेक, अस्पष्टता हे सर्व आरोप त्याने आधीच मान्य करून टाकले, आणि मग म्हटले, की एखाद्याच्या ठिकाणी काव्याची उपजत गोडी आहे की नाही हे पाहण्यास या पुस्तकाइतकी चांगली कसोटी दुसरी नाही. भूमिकांची ही अदलाबदल लक्षात घ्यावी. येथे परीक्षा कवीची नसून वाचकाची आहे. त्याच उन्हाळ्यात स्टर्लिंग येथे हार्डी व बेअर्ड या दोन विणकरांवर राजद्रोहाचा खटला चालला, आणि त्यांचा बचाव करण्यास जेफ्री उभा होता. दोघांनाही ८ सप्टेंबरला फाशी झाली. आरोपीचा वकील म्हणून उभे राहण्याची सवय त्या दिवसांत ताजी होती, यापेक्षा अधिक काही मी सुचवू इच्छीत नाही. कीट्सच्या दृष्टीने परीक्षण उशिरा आले. फेब्रुवारी १८२१ मध्ये तो रोम येथे वारला.

फेलिशिया हेमन्सच्या कवितांवरील ऑक्टोबर १८२९चा लेख हा जेफ्रीच्या संपादकीय कारकीर्दीचा जवळजवळ शेवट. त्यात तो मागे वळून पाहतो आणि कीर्ती किती झपाट्याने कोमेजते याचे आश्चर्य करतो. सदी, शेली, कीट्स, वर्डस्वर्थ, क्रॅब विस्मृतीत चालले आहेत, बायरनही दूर सरकत आहे. टवटवी टिकून आहे ती रॉजर्स आणि कँबेल यांची! हे भाकीत पुढे पिढ्यानुपिढ्या चेष्टेचा विषय झाले. पण त्यात चेष्टेपेक्षा अधिक काही आहे. ज्या वाचकसंमतीवर जेफ्रीने सत्तावीस वर्षे निकाल दिले, ती संमती वीस वर्षेही टिकत नाही, अशी साक्ष येथे तो स्वतःच देत आहे. त्या साक्षीवरून निघणारे अनुमान मात्र त्याने काढले नाही.

१८४४ मध्ये त्याने आपले निवडक लेख चार खंडांत छापले व ते सिडनी स्मिथला अर्पण केले. वर्डस्वर्थ आदल्याच वर्षी राजकवी झाला होता. 'द एक्सकर्शन'वरील लेख जेफ्रीने वगळला नाही. त्याला जोडलेल्या टिपेत, आपण कटुतेने व फाजील आत्मविश्वासाने बोललो याबद्दल त्याने खेद व्यक्त केला, आणि आपले मत मुळात बदललेले नाही असेही नोंदविले. ही टीप न्यायाधीशाने लिहिली आहे, आणि ती प्रामाणिक आहे. त्याच वृद्ध जेफ्रीला डिकन्सच्या कादंबऱ्यांतील मुलांचे मृत्यू वाचून रडू आवरत नसे. डिकन्सने त्याचे नाव आपल्या एका मुलाला दिले व 'द क्रिकेट ऑन द हार्थ' त्याला अर्पण केले. साऱ्या देशाबरोबर रडता येण्यातही त्या जुन्या 'आम्ही'चाच आनंद असावा.

आज जेफ्री वाचावयाचा तर कोणता? वर्डस्वर्थवरील लेख सर्वांना ऐकून माहीत आहेत, ते शेवटी ठेवावेत. आधी ॲलिसनवरील लेख वाचावा. त्याची भाषा आजही स्वच्छ व वेधक आहे. मग कीट्स आणि हेमन्स यांच्यावरील दोन लेख लागोपाठ वाचावेत. दोहोंत नऊ वर्षांचे अंतर आहे. पहिल्यात ज्या कवीला वाचकाची कसोटी म्हणून हाती घेतले, दुसऱ्यात त्यालाच विसरलेल्यांच्या यादीत टाकताना जेफ्रीची लेखणी किंचित अडखळल्यासारखी भासते.